खुब्याचे बंध

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी, आशा स्वयंसेविका, अंगणवाडी सेविका व ग्रामस्थांच्या मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या दिवशी प्रशासकाने उभे राहावे, खाटांची संख्या, जमाखर्च आणि देणगीदारांचे आभार एवढे सांगावे आणि खाली बसावे, असा आपला प्रघात आहे. ताळेबंद अहवालाच्या अखेरीस छापलेला आहेच, म्हणून यंदा विश्वस्तांच्या अनुमतीने मी एक वेगळा विषय मांडणार आहे. तो विषय म्हणजे आपल्या शरीरातील खुब्याचा सांधा आणि त्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध, ज्यांना डॉक्टर मंडळी लिगामेंट म्हणतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तेव्हा हाडांच्या गोष्टी या माणसाने का सांगाव्यात, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर माझ्या खिडकीपाशी आहे. खुब्याला मार लागलेला रुग्ण येतो तेव्हा डॉक्टरांना तो मेजावर दिसतो. मला त्याचे नातेवाईक दिसतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "खर्च किती येईल?" हा असतो, आणि "मार कधी लागला?" असे विचारले की उत्तर पुष्कळदा "परवा" असे येते. सारख्याच दुखापतीचे दोन रुग्ण असतात. एक त्याच दिवशी आलेला, दुसरा चार दिवसांनी. दोघांच्या बिलात जे अंतर पडते ते मी पाहतो. पण त्याहून मोठे अंतर दोघांच्या पुढील आयुष्यात पडते. हा उशीर निष्काळजीपणाने होतो असे मला वाटत नाही. आत काय आहे आणि काय तुटते, हे ठाऊक नसल्याने तो होतो. आमच्या डॉक्टरांकडून वर्षानुवर्षे जे ऐकले, समजून घेतले आणि त्यांच्याकडून तपासून घेतले, तेच आज आपल्या बोलीत सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम सांध्याची रचना पाहू. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी 'उखळीचा सांधा' हा शब्द वाचला आहे. ओटीपोटाच्या हाडाला दोन्ही बाजूंस एकेक खोलगट वाटी असते आणि मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा गोल माथा तिच्यात बसतो. हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार सांगितले असून त्यांतील एकाचे नाव 'उलूखल', म्हणजे आपले उखळ, असे आहे. काख, वंक्षण म्हणजे जांघ, आणि दात हे त्या प्रकारात घातले आहेत. त्याच ठिकाणी शरीरात २१० सांधे आणि ९०० स्नायू असल्याची गणना आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. आज आपण मराठीत स्नायू हा शब्द मांसपेशीसाठी वापरतो. सुश्रुतांचा स्नायू मात्र बांधणारा दोर आहे. ते म्हणतात की, नावेच्या फळ्या पुष्कळ दोरांनी नीट बांधलेल्या असल्या की नाव पाण्यात माणसांचा भार सोसते. तसेच सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे मनुष्य भार वाहतो. हाडे, पेशी, शिरा किंवा सांधे यांच्या इजेपेक्षाही स्नायूची इजा माणसाला अधिक घातक ठरते, असाही इशारा ते देतात. आजचे मोजमाप निराळे असले, तरी हा इशारा खुब्याच्या बाबतीत किती सार्थ आहे हे पुढे दिसेल.

या सांध्यावर भार किती पडतो? आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा त्या खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावरच असतो. म्हणजे पन्नास किलो वजनाची बाई डोक्यावर काही न घेता चालली तरी तिचा खुबा प्रत्येक पावलाला सव्वाशे ते दीडशे किलोचा भार झेलतो. हळदीचे ओझे डोक्यावर असेल तर हिशेब आपणच करावा.

हा भार झेलणारा चेंडू वाटीबाहेर जाऊ नये म्हणून निसर्गाने तीन पट्टे बाहेरून घातले आहेत. पहिला पट्टा सांध्याच्या पुढच्या बाजूस आहे. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघतो आणि खाली येताना दोन फाटे होऊन मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो. उलटी ठेवलेली बेचकी डोळ्यांसमोर आणावी, म्हणजे त्याचा आकार ध्यानात येईल. अमेरिकेतील बोस्टन शहरातील शल्यचिकित्सक हेन्री जेकब बिगेलो यांनी १८६९ साली खुबा निखळण्यावर ग्रंथ लिहिला. हा बेचकीसारखा पट्टा शाबूत असतो म्हणूनच निखळलेला पाय ठरावीक रीतीने वळतो आणि त्याच पट्ट्याचा आधार घेऊन तो परत बसवता येतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. हा मानवी शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. दुसरा पट्टा जांघेच्या बाजूने, खालून व पुढून येतो आणि पाय प्रमाणाबाहेर फाकू देत नाही. तिसरा मागच्या बाजूचा. तो तुलनेने पातळ असून मांडी आत वळण्याला आवर घालतो. हे तिन्ही पट्टे सांध्याभोवतीच्या चिवट पिशवीत विणल्यासारखे मिसळलेले असतात आणि मांडीच्या हाडाभोवती मळसूत्रासारखे वळसे घेतात.

या वळशांतच सारी युक्ती आहे. आपण ताठ उभे राहतो तेव्हा ओल्या धोतराला पीळ द्यावा तसे हे पट्टे आवळले जातात आणि चेंडूला वाटीत घट्ट दाबून धरतात. उभ्या माणसाच्या धडाचा तोल खुब्याच्या किंचित मागे पडतो. तो मागे कलंडू नये म्हणून पुढचा पट्टा ताणून उभा असतो. त्यामुळे मांसपेशींना फारसे श्रम न पडता मनुष्य बराच वेळ उभा राहू शकतो. आपल्याच जिल्ह्यातील नर्सी नामदेवहून वारीला जाणारा वृद्ध वारकरी पंढरीच्या दर्शनबारीत तासन्‌तास तिष्ठतो, त्यात त्याच्या श्रद्धेचे बळ आहेच. पण त्या बळाला देहात साथ देणारा हा पुढचा पट्टा आहे.

याउलट आपण उकिडवे बसतो किंवा मांडी घालतो तेव्हा पीळ सुटतो आणि पट्टे सैल पडतात. म्हणूनच आपल्याला खुरपणीला बसता येते, जमिनीवर पंगतीला बसता येते. परंतु पट्टे सैल असताना सांध्याचे रक्षणही कमी होते. म्हणजे उभे असताना हा सांधा कुलूप लावलेल्या कोठारासारखा असतो आणि बसलेले असताना नुसती कडी लावलेल्या दारासारखा. पुढील सगळे विवेचन या एका फरकावर उभे आहे.

सांध्याच्या आत आणखी एक लहान बंध असतो. तो चेंडूच्या माथ्यापासून वाटीच्या तळाशी जातो. त्याच्यातून एक बारीक रक्तवाहिनी माथ्याला थोडे रक्त पोहोचवते. बालपणी तिचा काही उपयोग असतो. मोठेपणी तेवढ्यावर माथ्याचे भागत नाही. प्रौढ माणसाच्या माथ्याला रक्त मिळते ते मुख्यतः हाडाच्या मानेला चिकटून, सांध्याच्या पिशवीच्या आतून वर चढणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर या माथ्याचे पुरवठादार थोडे आहेत आणि ते सगळे एकाच अरुंद वाटेने येतात. ती वाट पिळली, दबली किंवा तुटली, तर माथ्याच्या हाडाची उपासमार सुरू होते आणि काही महिन्यांत ते आतून मरून ढासळू लागते. याला डॉक्टर रक्तपुरवठ्याअभावी हाड मरणे असे म्हणतात. मेलेले हाड औषधाने जिवंत होत नाही.

आता आपल्या रस्त्यावरचा प्रसंग घेऊ. जीपमध्ये पुढच्या आसनावर बसलेला तरुण आहे. त्याचा खुबा दुमडलेला, म्हणजे पट्टे सैल. समोरून धडक बसते, गुडघा पुढच्या फळीवर आदळतो, तो धक्का मांडीच्या हाडातून मागे जातो आणि चेंडू वाटीच्या मागच्या काठावरून बाहेर पडतो. खुबा निखळण्याच्या दहापैकी सुमारे नऊ घटनांत तो असा मागेच निखळतो. अशा रुग्णाचा पाय आखूड दिसतो, गुडघा दुसऱ्या मांडीकडे झुकतो आणि पाऊल आत वळते. पुढचा बेचकीसारखा पट्टा बहुधा तुटलेला नसतो. तोच पायाला या ठेवणीत जखडून ठेवतो. म्हणूनच चार माणसांनी धरून ओढले तरी तो पाय सरळ होत नाही. ओढाताणीने मात्र दोन हानी होतात. रक्तवाहिन्यांची वाट अधिक पिळली जाते आणि सांध्याच्या अगदी मागून जाणारी पायाची मोठी नस दुखावते. अशा शंभर रुग्णांतील दहा ते वीस जणांच्या या नसेला मुळातच इजा झालेली असते. त्यात आपण भर घालू नये.

असा खुबा पूर्ण भूल देऊन, पेशी सैल करून, युक्तीने बसवावा लागतो, आणि तो शक्य तो सहा तासांच्या आत बसला पाहिजे. जितका उशीर, तितका माथ्याचे हाड मरण्याचा धोका अधिक. हे सहा तास मला एखाद्या अंदाजपत्रकासारखे दिसतात. शेतातून रस्त्यापर्यंत आणण्यात अर्धा-पाऊण तास जातो. "मुका मार असेल, संध्याकाळपर्यंत पाहू" यात तीन तास जातात. मग कोणी हाड बसवणाऱ्याकडे नेतो, तेल लावून ओढले जाते, त्यात दोन तास. वाहन ठरवण्यात एक तास. रुग्ण आमच्या दारात येतो तेव्हा सगळी रक्कम खर्च झालेली असते आणि शल्यचिकित्सकाच्या हाती शिल्लक काही उरलेली नसते. वास्तविक आपल्याकडचे अंतर काही एवढे मोठे नाही. हिंगोली जवळ आहे आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सहा तासांच्या आतच आहे. म्हणजे वेळ प्रवासात फारसा जात नाही, तो निघण्याआधी जातो.

येथे हाडवैद्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. त्यांचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. सुश्रुतसंहितेतही निखळलेला सांधा ओढून बसवण्याचे वर्णन आहे. पण त्याच ग्रंथात मांडी व कमरेच्या भग्नासाठी रुग्णाला फळीवर निजवून, खुंट्यांनी अडकवून, हलू न देण्याची 'कपाटशयन' नावाची व्यवस्थाही सांगितली आहे. आपण ओढणे तेवढे लक्षात ठेवले आणि न हलवणे विसरलो. आज क्ष-किरण छायाचित्र न काढता खुबा ओढणे धोक्याचे आहे. कारण आत वाटीचा काठ किंवा हाडाची मान मोडलेली असू शकते आणि ते हाताला कळत नाही. आपल्या भागात हळदीला तोटा नाही. लेप लावला म्हणून खुब्याचे नुकसान होत नाही. परंतु लेप वाळेपर्यंत थांबलो तर घड्याळ थांबत नाही.

दुसरा प्रसंग घरातला आहे. आजीबाई न्हाणीत किंवा ओसरीच्या पायरीवर घसरून पडतात. उतारवयात हाडे विरळ झालेली असतात आणि चेंडूखालची हाडाची मान मोडते. येथेही पाय आखूड होतो, परंतु पाऊल बाहेरच्या बाजूस वळते. आशाताईंनी हा फरक अवश्य ध्यानात ठेवावा. तरुण माणूस, अपघात, पाऊल आत वळलेले, तर बहुधा खुबा निखळलेला. वृद्ध माणूस, साधे पडणे, पाऊल बाहेर पडलेले, तर बहुधा हाड मोडलेले. निदान डॉक्टर करतील. पण दोन्हींपैकी काहीही दिसले तर थांबायचे नाही, एवढा निर्णय आपण तेथेच करू शकतो. याला एक फसवा अपवाद आहे. कधी कधी मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि आजी लंगडत का होईना, चालतात. घरचे निश्चिंत होतात. काही दिवसांनी रुतलेली टोके सुटतात आणि आजी खाटेला खिळतात. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, तर चालता येत असले तरी छायाचित्र काढून घ्यावे.

मान मोडते तेव्हा तिला चिकटून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही तुटतात. म्हणून वृद्धांत पुष्कळदा मोडलेले हाड न जोडता कृत्रिम माथा किंवा पूर्ण कृत्रिम सांधा बसवतात. सर जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ साली ज्या पद्धतीने कृत्रिम खुबा बसवला, तिच्यापासून आजच्या शस्त्रक्रियेचा मार्ग प्रशस्त झाला. मात्र नवा सांधा बसवताना जुनी पिशवी आणि पट्टे उघडावे लागतात. ते भरून येईपर्यंत नव्या चेंडूला धरून ठेवणारे बंध कमकुवत असतात. म्हणून डॉक्टर खाली बसू नका, मांडी घालू नका, उंच शौचकूप वापरा असे बजावतात. नातेवाईकांना हे लाड वाटतात. ज्या घरात पंगत जमिनीवर बसते तेथे आजीला एकटीला खुर्ची देणे अवघड वाटते, हे मी जाणतो. पण ती खुर्ची आजीच्या सैल पट्ट्यांसाठी आहे, मानासाठी नव्हे, हे घरातील सर्वांना समजावून सांगावे.

तिसरा प्रसंग पाळण्यातला आहे. काही बाळांचा खुबा जन्मतःच सैल असतो. वाटी उथळ आणि पट्टे ढिले असतात. बाळाला वेदना नसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल चालू लागले आणि डुलत चालू लागले की घरचे सावध होतात. ज्या बाळांना विशेष जपावे त्यांत पहिला क्रमांक पायाळू बाळाचा. आपल्याकडे पायाळू माणसाविषयी केवढ्या समजुती आहेत! त्याने लाथ मारली की कमरेची उसण जाते, वीज त्याच्याकडे ओढली जाते, जमिनीतले पाणी त्याला कळते. या सगळ्याच्या खाली एक खरी गोष्ट राहून गेली. गर्भात ढुंगण किंवा पाय खाली करून बसलेल्या बाळाचे खुबे सैल असण्याची शक्यता इतरांहून अधिक असते. मुलींमध्ये, पहिल्या खेपेच्या बाळात आणि घराण्यात कोणाला हा दोष असेल तरीही ती वाढते.

हा दोष तपासण्याच्या दोन सोप्या युक्त्या आहेत. एक इटलीचे बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांनी १९३७ मध्ये मांडली, दुसरी इंग्लंडचे बार्लो यांनी १९६२ मध्ये. शिकलेल्या हातांनी बाळाच्या मांड्या हळुवार फाकवून पाहिल्या की सैल चेंडू सरकल्याचे जाणवते. पायाळू बाळाची सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीही करून घ्यावी. सहा महिन्यांच्या आत दोष कळला तर पुष्कळदा मऊ पट्ट्यांच्या साजाने, शस्त्रक्रियेविना, वाटी नीट घडते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या जन्मजात दोषांत हा दोष समाविष्ट आहे. म्हणून आशाताईंनी आपल्या वहीत पायाळू बाळाच्या नावापुढे खूण करावी.

माता-भगिनींना एक विनंती आहे. बाळाला गुंडाळावे, पण पाय सरळ ताणून, घट्ट बांधू नये. मालिश करताना पाय धरून उलटे टांगू नये. जपानमध्ये १९७० च्या दशकात बाळाचे पाय सरळ बांधण्याची पद्धत टाळण्याचा प्रचार झाला आणि खुब्याच्या या दोषाचे प्रमाण लक्षणीय घटले. आपल्याकडे तर चांगली पद्धत घरातच आहे. बाळाला मान धरू लागल्यावर कडेवर घेतो तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या व दुमडलेल्या असतात आणि चेंडू वाटीच्या मध्यभागी बसतो. ही आपल्या आजीची रीत शास्त्राला धरून आहे. ती सोडू नये.

चौथा प्रसंग लंगडणाऱ्या मुलाचा. सांध्यात पू किंवा पाणी साठले की मूल पाय किंचित दुमडून, फाकवून, बाहेर वळवून ठेवते. कारण त्या ठेवणीत पट्टे सैल पडून पिशवीत सर्वांत अधिक जागा होते. मूल आपणहून वेदना कमी करत असते. तापासोबत असे झाले, तान्हे बाळ एक पाय हलवीनासे झाले, लंगोट बदलताना किंचाळू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. पू काढण्यास उशीर झाला तर माथा विरघळून जातो. आणि ताप फारसा नसताना मूल आठवडेच्या आठवडे लंगडत असेल, रात्री झोपेत दचकून रडत असेल, तर क्षयाची शंका घ्यावी. हाडासांध्यांच्या क्षयात मणक्याच्या खालोखाल खुब्याचा क्रमांक लागतो. त्याचे औषध शासनाकडून विनामूल्य मिळते. मात्र ते दीर्घकाळ, न चुकता घ्यावे लागते.

आणखी एक शत्रू आहे, तो पट्ट्यांना न शिवता थेट माथ्याचा रक्तपुरवठा तोडतो. अति मद्यपान आणि डॉक्टरांच्या देखरेखीविना घेतलेली स्टिरॉइडची औषधे यांमुळेही खुब्याचे हाड मरते. २०२१ साली मुंबईच्या माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या तीन रुग्णांत असे आढळल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेथे औषध जीव वाचवण्यासाठी दिलेले होते. पण गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांत काय आहे हे आपल्याला माहीत नसते. ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, ती आधी डॉक्टरांना दाखवावी.

आता मी माझ्या हक्काच्या विषयाकडे, पैशाकडे येतो. कारण उशिराचे दुसरे मोठे कारण पैशाची धास्ती हे आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून धावते आहे आणि तिचे भाडे नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतो. त्यासाठी शिधापत्रिका व आधारपत्र सोबत असावे. तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू असलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढली जाते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. मोठ्या शहरातील धर्मादाय रुग्णालयात गेलात तरी हे विचारण्यास संकोच करू नका.

आपल्या रुग्णालयापुरते सांगायचे तर, खुब्याचा रुग्ण आल्यास प्रथमोपचार आणि छायाचित्र होईपर्यंत खिडकीवर पैशाचा विषय काढायचा नाही, असा शिरस्ता आम्ही ठरवला आहे. पुढे पाठवायच्या प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर अपघाताची वेळ आणि शेवटचे खाल्ल्याची वेळ ठळक अक्षरांत लिहिली जाईल, म्हणजे भूल देणाऱ्या व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा वेळ विचारपूस करण्यात जाणार नाही. विश्वस्त मंडळाला माझी नम्र विनंती आहे की, येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात गावोगावी ठेवण्यासाठी काही साध्या, पट्ट्यांसह फळ्यांची तरतूद करावी.

आणि गावकऱ्यांनी करायचे ते असे. मार लागलेला पाय जसा असेल तसाच राहू द्यावा. सरळ करू नये, ओढू नये, चोळू नये. घडी केलेली वाकळ मांडीखाली द्यावी, दोन्ही पाय एकमेकांस सैलसर बांधावेत, माणसाला फळीवर किंवा दाराच्या फळकुटावर उचलावे. भूल द्यावी लागेल म्हणून चहा-पाणीही देऊ नये. पायाचा पंजा वर उचलता येतो का, तळव्याला स्पर्श कळतो का, हे विचारून लक्षात ठेवावे. घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा.

मित्रहो, ज्या पट्ट्यांच्या बळावर आपण पेरणी करतो, ओझे वाहतो, लेकरू कडेवर घेतो आणि पंढरीला चालत जातो, ते पट्टे जन्मभर काही मागत नाहीत. संकट आल्यावर ते आपल्याकडे फक्त वेळेवर निघण्याची अपेक्षा करतात. या सभागृहातून घरी जाताना प्रत्येकाने सहा तासांची ही गोष्ट आणखी दोन घरी सांगितली, तर पुढच्या वर्षी माझ्या खिडकीवर "परवा" हे उत्तर कमी ऐकू येईल, अशी मला आशा आहे.